आर, के, आय, एच

मी जळगावातल्या एका महाविद्यालयात पदवीच्या भूगोलाचं डिजिटल साहित्य सांभाळते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ते सगळ्यांना वापरता यायला हवं, म्हणून मे महिनाभर आम्ही फायली तपासत होतो. स्कॅन केलेली पानं बाजूला काढली, कारण स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लेखी ती नुसती चित्रं. टाइप केलेल्या नोट्स मात्र मी ऐकून न बघताच ‘चालतील’ नावाच्या फोल्डरात टाकल्या होत्या.

एका दुपारी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मुद्दाम चांगदेवहून आला. त्याला दिसत नाही. “मॅडम, तापीचा धडा एकदा तुम्हीच ऐका,” म्हणत त्याने हेडफोन माझ्या हातात दिला. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर सुरू होता. कानावर मराठी पडलंच नाही, नुसता अर्थहीन खडखडाट. मग ‘तापी’ शब्दावर थांबून त्याने बाणाच्या कळीने एकेक अक्षर वदवून घेतलं. आर. के. आय. एच.

समोर स्क्रीनवर मला स्वच्छ ‘तापी’ दिसत होतं! फाइल कृतिदेवमधली. त्या फॉण्टमध्ये साठतात इंग्रजी अक्षरंच, वरून फक्त देवनागरीचा आकार चढतो. युनिकोडमध्ये ‘त’ हा ‘त’च असतो.

“मग आतापर्यंत अभ्यास कसा केलास रे?”

“मित्र वाचून दाखवतो. त्याचा पेपर असला की राहून जातं.”

मला फार वाईट वाटलं. तो धडा तिथेच युनिकोडमध्ये बदलायला घेतला. कन्व्हर्टर दोन मिनिटांत काम करतो, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात, ते हाताने नीट करावं लागतं. शीर्षकं नुसती ठळक केलेली होती, त्यांना हेडिंगची शैली दिली, म्हणजे त्याला एका कळीने मुद्द्यावरून मुद्द्यावर जाता येईल.

शेवटी नकाशा. पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर जे वाचतो त्यात, मी लिहिलं, ‘तापी खोऱ्याचा नकाशा’.

“हो, पण त्यात आहे काय?” त्याने विचारलं.

पुन्हा लिहिलं: तापी मुलताईजवळ उगम पावून पश्चिमेला वाहते. चांगदेवला पूर्णा येऊन मिळते. पुढे दक्षिणेकडून क्रमाने वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा.

“आणि उत्तरेकडून?”

मी नकाशाकडे नव्याने पाहिलं. सातपुडा नदीला अगदी खेटून आहे, त्यामुळे सुकी, मोर, अनेर अशा आखूड नद्याच तिकडून येतात. तेही लिहिलं. त्याने दोनदा ऐकलं. “म्हणजे खोरं एका अंगाला कललेलं आहे,” तो म्हणाला. “संगमावर राहतो आम्ही, पण हे आज कळलं.”

फाइल मोबाइलमध्ये घेऊन तो बस पकडायला गेला. मी ‘चालतील’ फोल्डर उघडला आणि पहिल्या फाइलपासून ऐकायला बसले.