परिशिष्ट पुस्तकालयात आहे : विधानसभेतील एका आरोग्यविषयक प्रश्नाचा माझा अनुभव

मध्य प्रदेश विधानसभेच्या प्रश्नोत्तरीत एक वाक्य पुन्हापुन्हा भेटते : ‘जानकारी एकत्रित की जा रही है।’ आमच्या भागातील सरकारी रुग्णालयाच्या बंद सोनोग्राफी कक्षाविषयी आमच्या आमदारांनी प्रश्न विचारला, त्याच्या चारपैकी तीन भागांना हेच उत्तर आले, आणि पुढचे कित्येक महिने ही माहिती कोण, कुठून आणि कोणत्या वेगाने एकत्रित करीत आहे याचा माग काढण्यात गेले. इंदूरमध्ये अशा खटपटीत पडू इच्छिणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. राग अजून पुरता शमलेला नाही, तेव्हा लिहिण्यात थोडा कडवटपणा उतरला तर वाचकांनी समजून घ्यावे.

विषय साधा होता. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या सुनेला सातव्या महिन्यात सरकारी रुग्णालयातून सांगण्यात आले की सोनोग्राफी बाहेरून करून आणा. 2011 मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी संस्थेत गरोदर स्त्रीच्या तपासण्या, सोनोग्राफीसह, विनामूल्य व्हायला हव्यात. रुग्णालयात यंत्र होते, त्यासाठी खोली होती आणि खोलीला कुलूप होते. असे कुलूप पाहिले की यंत्र बिघडले असणार असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पुष्कळदा यंत्र ठीक असते, ते चालवणारा डॉक्टर नसतो. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी 1994 मध्ये झालेल्या कायद्याखाली केंद्राची आणि यंत्राची नोंदणी लागते आणि सोनोग्राफी पात्रताधारक डॉक्टरनेच करावी लागते. ते पद रिकामे झाले की तंत्रज्ञाच्या किंवा परिचारिकेच्या भरवशावर काम चालवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून विचारायचे ते पदाविषयी, असे मी ठरवले.

तक्रार अर्जाऐवजी विधानसभेचा प्रश्न का, असे मला घरातूनही विचारले गेले. तक्रारीचे निवारण एका रुग्णापुरते होते. त्या एका सुनेची सोनोग्राफी करून दिली की कागद बंद. प्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्यांच्या नावे सभागृहाच्या पटलावर येते, छापले जाते आणि चुकीचे निघाल्यास सदस्याला मंत्र्यांकडे त्याचा जाब मागता येतो. माहितीच्या अधिकाराचा मार्ग होताच. 2005 च्या त्या कायद्यात खासगी माहितीच्या अपवादाला जोडून एक परंतुक, म्हणजे पुरवणी अट, होते, की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या 2023 च्या कायद्याने त्या अपवादाची रचनाच बदलली आणि परंतुक गेले. डॉक्टरांच्या नेमणुका, रजा, संलग्नीकरण (दुसऱ्या संस्थेशी तात्पुरते जोडणे) अशा गोष्टी विचारताना ‘ही खासगी माहिती आहे’ ही पळवाट समोर उभी राहू शकते, हे ध्यानात घेता आमदारांमार्फत जाणे मला अधिक भक्कम वाटले.

आमदारांची भेट सहज मिळाली. ते आमच्या रामबागेतल्या गणेशोत्सवाला नेमाने येतात, आणि ‘काकाजी, आप लिखकर दे दीजिए’ एवढे म्हणून त्यांनी मला आपल्या स्वीय सहायकाच्या हवाली केले. इथे एक सूचना करतो : तुमच्या मतदारसंघाचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत, तेव्हा त्यांच्या कार्यालयात हेलपाटे घालण्याऐवजी दुसऱ्या आमदाराकडे जावे. 230 सदस्यांपैकी मंत्री आणि अध्यक्ष सोडून कोणालाही राज्यातल्या कोणत्याही रुग्णालयाविषयी विचारता येते.

बँकेच्या तपासणी विभागात माझी नोकरी झाली असल्यामुळे, ज्याची नोंद कुठेतरी आधीपासून आहे तेच विचारावे, ही सवय मला आहे. प्रश्नात मत, तर्क किंवा आरोप असला की सचिवालय तो काढून टाकते किंवा प्रश्नच अग्राह्य ठरवते. ‘रुग्णांचे हाल होत आहेत हे खरे आहे काय’ असल्या वाक्यांचा मोह म्हणूनच टाळावा. माझे चार भाग असे होते : (क) सदर रुग्णालयात सोनोग्राफी यंत्र आहे काय, (ख) ते चालवण्यास पात्र डॉक्टरची मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती, (ग) मागील दोन आर्थिक वर्षांत महिनावार किती गरोदर स्त्रियांची सोनोग्राफी झाली, (घ) याच काळात रुग्णालयाच्या रोगी कल्याण समितीच्या सर्वसाधारण सभेच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या आणि समितीने तपासण्यांवर किती खर्च केला.

शेवटच्या भागाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण रोगी कल्याण समिती ही मूळची आपल्या इंदूरचीच गोष्ट आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यावर महाराजा यशवंतराव रुग्णालयात हा प्रयोग सुरू झाला, पुढे राज्यभर गेला आणि 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तो देशभर नेला. रुग्णालयाने थोडे शुल्क घ्यावे, देणग्या घ्याव्यात आणि तो पैसा वरच्या परवानगीची वाट न पाहता तिथेच खर्च करावा, अशी ती कल्पना. या समित्यांत लोकप्रतिनिधीही असतात. म्हणजे बाहेरून सोनोग्राफी करून घेऊन तिचा खर्च समितीने सोसण्याचा ठराव ज्या टेबलावर व्हायला हवा, त्या टेबलाशी आमदारांनाही खुर्ची असते. हे मी आमदारांना नम्रपणे सांगितले; त्यांनी ते हसून घेतले.

प्रश्न तारांकित असावा अशी माझी इच्छा होती, कारण तारांकित प्रश्नावर सभागृहात पूरक प्रश्न विचारता येतात. पण दिवसाच्या यादीत 25 च तारांकित प्रश्न येतात, त्यांची निवड सोडतीने होते आणि प्रश्नोत्तराच्या एका तासात त्यांपैकी थोड्यांचीच पाळी लागते. आमचा प्रश्न अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा, म्हणून गेला, स्वीकारला गेला, त्याला क्रमांक मिळाला. इथपर्यंत कुणाविषयी काही म्हणण्यासारखे नाही.

मग उत्तर आले. (क) जी हाँ। (ख) से (घ) जानकारी एकत्रित की जा रही है।

मला सर्वांत जास्त झोंबले ते (ग) चे उत्तर. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी करताना गर्भलिंगनिदानाच्या त्याच कायद्याखालचा ‘फॉर्म एफ’ प्रत्येक वेळी भरावा लागतो आणि त्या महिन्याचा पूर्ण अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवावा लागतो. कायद्याने ही माहिती दर महिन्याला आपोआप एकत्रित होतच असते. चोवीस महिन्यांचे चोवीस आकडे एका कागदावर उतरवायचे होते. (ख) तर त्याहून सोपा : आपल्याकडे कोणते पद रिकामे आहे हे ठाऊक नसलेले रुग्णालय मी अजून पाहिलेले नाही, कारण पगारपत्रक दर महिन्याला बनतेच.

मी रुग्णालयात चौकशी केली. तिथल्या बाबूंनी सभ्यपणे सांगितले की माहिती केव्हाच वर गेली. जिल्ह्याच्या कार्यालयात तेच उत्तर मिळाले, फक्त ‘वर’ म्हणजे आता भोपाळ झाले होते. स्वीय सहायकाने भोपाळला फोन लावला तेव्हा समजले की माहिती पोहोचली आहे, परंतु ठरवून दिलेल्या प्रपत्रात नाही, म्हणून परत पाठवली आहे. कोणत्या कार्यालयाने, कोणत्या तारखेला परत पाठवली हे कुणालाच सांगता येईना. प्रपत्राचा नमुना मागितला तर तो मिळेना. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपल्यापुरता खरे बोलत होता, आणि म्हणूनच कुणावर चिडावे हे कळत नव्हते. बँकेत असतो तर अशा नस्तीवर मी लाल शाईने ‘विलंबाचे कारण नोंदवा’ असे लिहिले असते आणि संध्याकाळपर्यंत ते मिळाले असते.

तेवढ्यात अधिवेशन संपले. राज्यघटनेच्या 174 व्या अनुच्छेदाप्रमाणे दोन अधिवेशनांच्या मध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये, एवढेच बंधन आहे. सभागृहाने किती दिवस बसावे याचे बंधन नाही. ‘काकाजी, सत्र तो समाप्त हो गया, अब अगले में ही आएगा,’ असे सहायक म्हणाला, आणि तो काही चुकीचे सांगत नव्हता. अपूर्ण राहिलेल्या उत्तरांची पूर्ण उत्तरे आली की त्यांचे संकलन पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवले जाते. या मधल्या महिन्यांत मावशींच्या सुनेचे बाळंतपण होऊन बाळाचे बारसेही झाले. सोनोग्राफी अर्थातच बाहेर, पैसे भरून करावी लागली.

पुढच्या अधिवेशनात पूर्ण उत्तर आले. त्याचा सारांश एका ओळीत असा होता : ‘जानकारी पुस्तकालय में रखे परिशिष्ट के प्रपत्र “अ”, “ब” एवं “स” अनुसार है।’

हे पुस्तकालय म्हणजे भोपाळमध्ये विधानसभा भवनात असलेले. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ती इमारत पाहण्यासारखी आहे, पण माझ्यासारख्याने इंदूरहून उठून तिथे जावे आणि परिशिष्ट पाहून यावे इतकी काही ती सार्वजनिक वाचनालयासारखी मोकळी नाही. लांबलचक तक्ते छापील प्रश्नोत्तरीत घालणे शक्य नसते हे मला मान्य आहे. शंभर पानांचे परिशिष्ट असेल तर ते पुस्तकालयातच ठेवावे. परंतु पदांची संख्या, चोवीस आकडे आणि बैठकांच्या मोजक्या तारखा यांना परिशिष्टाची गरज काय होती, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही. उत्तर दिले आहे असे म्हणता यावे आणि ते वाचले जाऊ नये, अशी ही सोय आहे, असे माझे मत झाले आहे. सहायकाला परिशिष्टाची छायाप्रत आणायला सांगितले. तो आज आणतो, उद्या आणतो करीत राहिला. त्याच्यामागेही शंभर कामे होती. शेवटी मी आमदारांच्या आईंशी बोललो, ज्या माझ्या पत्नीबरोबर भजनी मंडळात आहेत, आणि मग प्रत आली. ही युक्ती मी सुचवतो आहे असे नाही, फक्त जे घडले ते सांगतो.

प्रत आडवी, पुसट आणि काही ठिकाणी शिक्क्याखाली दडलेली होती. भिंग घेऊन बसलो. प्रपत्र ‘अ’ मध्ये पद रिक्त दाखवले होते आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते की दुसऱ्या संस्थेतील डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस संलग्न आहेत. प्रपत्र ‘ब’ मध्ये सोनोग्राफींचा महिनावार तक्ता होता आणि ज्या महिन्यांत हे डॉक्टर संलग्न होते त्यांतील बहुतेक महिन्यांपुढे ‘निरंक’, म्हणजे शून्य, असे होते. एकाच उत्तराच्या दोन पानांनी एकमेकांना खोटे पाडले होते. दोन वेगवेगळ्या टेबलांवरून आलेले कागद कुणी शेजारी ठेवून वाचलेच नव्हते. त्या संध्याकाळी मला जे समाधान वाटले ते निवृत्तीनंतर प्रथमच वाटले, हे कबूल करायला हरकत नाही.

आमदारांनी हे दोन तक्ते रोगी कल्याण समितीच्या बैठकीत ठेवले. तिथे फार बोलावे लागले नाही. आता आठवड्यातले ते दोन दिवस कुलूप निघते आणि दारावर वारांची पाटी लागली आहे. पद अजून रिक्तच आहे.

ज्यांना हा मार्ग धरायचा असेल त्यांच्यासाठी आठवतील तशा गोष्टी लिहितो. कालावधी एकाच आर्थिक वर्षाचा ठेवावा. माझ्या दोन वर्षांनी प्रपत्रांना निमंत्रणच दिले असे सहायकाचे म्हणणे आहे, जरी मला ते पूर्ण पटत नाही. एका प्रश्नात एकच रुग्णालय घ्यावे, ‘जिल्ह्यातील सर्व’ हे शब्द लिहू नयेत. आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही खाती 2024 मध्ये एकत्र झाल्यामुळे ‘हा विषय आमच्या विभागाचा नाही’ हे जुने उत्तर आता कमी यावे, तरी महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांची नोंदपुस्तके वेगळी असतात, हे ध्यानात ठेवून प्रश्न लिहावा. मंत्र्यांनी सभागृहात ‘चौकशी करू’ म्हटले तर ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी सभागृहाची स्वतंत्र समिती आहे. तो मार्ग तारांकित प्रश्नात किंवा ध्यानाकर्षण सूचनेत, महाराष्ट्रातले वाचक जिला लक्षवेधी म्हणतात तिच्यात, अधिक खुला होतो. प्रश्नाचा क्रमांक आणि दिनांक स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा, कारण अपूर्ण उत्तराचे पूर्ण उत्तर पुढच्या संकलनात शोधायला तेवढाच धागा असतो. आणि उत्तर आले त्याच आठवड्यात आमदारांकडून परिशिष्टाच्या प्रतीसाठी लेखी मागणी पाठवून घ्यावी, तोंडी नव्हे.

येत्या अधिवेशनासाठी त्याच रिक्त पदाविषयी प्रश्न दिला आहे. यावेळी तो दोनच ओळींचा आहे : पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, आणि ते भरण्याचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला.