जाईचा ज, येरेवानच्या चांदीत

सांगोल्याच्या माणसाला डाळिंबाचं कौतुक सांगायला जाऊ नये. आमच्या घरी जेवताना ताटावरही तेल्या रोगाच्या आणि बाजारभावाच्याच गप्पा चालतात. त्यामुळे आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी जिकडेतिकडे डाळिंबं दिसायला लागली, कानात, गळ्यात, किल्लीच्या कडीत, बायकांच्या ओढणीवर, तेव्हा मी भाच्याला म्हटलं, "अरे, हे काय आपलं मार्केट यार्ड आहे?" तो इथे मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे. महाराष्ट्रातली बरीच मुलं असतात इथे. मला खरं तर त्याची खोली आणि त्याचं जेवणखाण बघायचं होतं. देश बघणं हे ओघानं आलं.

आर्मेनियात डाळिंब म्हणजे भरभराट आणि लेकुरवाळेपण. एका फळात दाणे ३६५ असतात असं म्हणतात. मी आयुष्यात इतकी सोललीत, मोजायला कधी बसले नाही.

त्याच संध्याकाळी राहत्या जागेजवळच्या एका दुकानातून चांदीची म्हणून डाळिंबाची कानातली घेतली आणि दोन दिवसांत कडीपाशी तांबूस रंग वर आला. मागे ९२५ चा, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदीचा, शिक्का आहे का, एवढंसुद्धा बघितलं नव्हतं. गावी एका जोडव्यासाठी सोनाराकडे तीन चकरा मारणारी मी! भाचा म्हणाला, "मावशी, शनिवारपर्यंत थांबायचं होतंस."

शनिवारी त्यानं व्हर्निसाजला नेलं. रिपब्लिक स्क्वेअरच्या मेट्रो स्टेशनबाहेर लगेच सुरू होणारा हा उघड्यावरचा बाजार. १९८० च्या दशकात चित्रकार आपली चित्रं इथे मांडायला लागले, म्हणून हे चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाचं फ्रेंच नाव. आता चित्रं एका बाजूला आणि बाकी गालिचे, बुद्धिबळाचे पट, जर्दाळूच्या लाकडाचे दुदुक (सनईसारखं वाद्य), जुनी सोव्हिएत पदकं आणि दागिनेच दागिने. रोज थोडाफार असतो, पण खरा भरतो तो शनिवार-रविवारी.

पहिली थांबले ती सुईच्या लेसपाशी. एक आजीबाई खुर्चीत बसून साध्या शिवायच्या सुईनं काहीतरी करत होत्या आणि पुढ्यात लेसची कानातली आणि कॉलरला लावायची फुलं मांडलेली. मी क्रोशाकाम करणारी, त्यामुळे हात आपोआप एका फुलाच्या टोकाकडे गेला. क्रोशाचा एक धागा ओढला की अख्खा रुमाल उसवत येतो. आजींनी माझ्याकडे बघितलं, कात्री घेतली आणि एका नमुन्याच्या तुकड्याला सरळ मधोमध चीर दिली. मी ओरडलेच. पण तो तुकडा कापल्या जागी तसाच राहिला, एक टाका हलला नाही. प्रत्येक टाका म्हणजे स्वतंत्र गाठ असते. इवल्याशा कानातल्यात अशा गाठी किती असतील, देव जाणे. मी दोन जोड घेतले आणि घासाघीस केली नाही, हे माझ्या बहिणीला खरं वाटणार नाही.

भाच्यानं माझी ओळख करून दिली, "मोराकुयर." मोरा म्हणजे आईची, कुयर म्हणजे बहीण. इंग्रजीत आंटी झाले असते, इथे पहिल्या फटक्यात मावशी झाले. आजींनी लगेच पिशवीतून अक्रोड काढून हातावर ठेवले.

पुढे काळ्या काचेसारख्या दगडाचे दागिने होते. ऑब्सिडियन. ज्वालामुखीची काच ती. या देशात तिचे डोंगर आहेत आणि अश्मयुगापासून लोक तिची पाती काढत आलेत. बोलीभाषेत तिला सैतानाचं नख म्हणतात. एक लोलक उन्हाकडे धरला तर कडेची पातळ जागा धुरकट तपकिरी झाली. शेजारी चांदीचे कंबरपट्टे. व्हान हे शहर आता तुर्कस्तानात आहे, पण तिथले आर्मेनियन चांदीकाम करणारे नावाजलेले. चांदीत नक्षी कोरायची आणि चांदी, तांबं, शिसं, गंधक यांची काळी पूड कोरीव रेघांत वितळवून बसवायची. पांढऱ्यावर काळं असं ते काम फार देखणं दिसतं. किंमत विचारली आणि पट्टा हळूच खाली ठेवला.

मला मुळात हवी होती ती भाचीसाठी, म्हणजे याच्या धाकट्या बहिणीसाठी, अक्षराची चकती. कारण आदल्या दिवशी मातेनादारान पाहिलं होतं. मेस्रोप माश्तोत्स यांनी इ.स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली, ३६ अक्षरांची. त्यांच्याच नावाच्या रस्त्याच्या टोकाला हे हस्तलिखितांचं भांडार आहे. १७ हजारांहून जास्त हस्तलिखितं. त्यातला मुश शहराचा प्रवचनग्रंथ सुमारे २८ किलोंचा. १९१५ च्या आर्मेनियन नरसंहारात दोन बायकांनी त्याचे दोन भाग करून तो वाचवला, असं सांगतात. घरदार सोडताना माणसं दागिने घेतात हे आपल्याला कळतं. ह्या पुस्तक घेऊन निघाल्या. तिथल्या काही पानांवर पहिलं अक्षर चक्क पक्ष्यांचं असतं. एकाची मान, दुसऱ्याची शेपूट, चोचीत तिसऱ्याचा पाय, आणि झालं अक्षर. त्याला थ्रच्नागिर म्हणतात, पक्षीलिपी. हीच अक्षरं आता चांदीत कापून गळ्यात घालतात.

अक्षरांच्या टेबलामागचे गृहस्थ साठीचे असतील. बोटं काळी, नखांत पॉलिश. चांदीच्या पत्र्यातून केसाएवढ्या करवतीनं अक्षर कापायचं, मग कानस, असं त्यांचं काम तिथेच चालू. भाच्यानं इंग्रजीत सांगितलं, "जे." त्यांनी एक अक्षर काढलं. मग नाव विचारलं. मी म्हटलं, "जाई."

त्यांनी मान हलवली. "परत म्हणा."

"जाई."

पहिलं अक्षर डब्यात गेलं आणि दुसरं बाहेर आलं. भाचा दुभाष्या झाला. त्यांचं म्हणणं असं, की ते 'जान' मधलं अक्षर होतं (हे लोक प्रेमानं प्रत्येकाला जान म्हणतात), पण या बाई म्हणतायत तो आवाज वेगळा. तो 'बारेव द्झेझ' मधला, म्हणजे त्यांच्या नमस्कारातला. मी तिथेच उभी राहून पुटपुटायला लागले. जिलबी, जीव, जेवण. जाई, जावई, जुना. आपण एकाच ज मध्ये दोन्ही कोंबतो आणि कुठला कुठे ते पोरांना कानानं शिकवतो. मग च चं विचारलं, तर तिथेही तेच: चिंचेचा वेगळा, चांदीचा वेगळा. चांदीला ते आर्त्साथ म्हणतात. मधला त्स आपल्या चांदीतलाच, आणि शेवटी थ. त चं अक्षर निराळं. दिल्लीच्या मैत्रिणीला तीस वर्षं जाई म्हणायला शिकवतेय, अजून जिलबीच येते.

"द्झाई जान," त्यांनी म्हणून दाखवलं. एका दमात दोन्ही ज, दोन्ही बरोबर.

मागे ९२५ बघितलं. बारा हजार द्राम, आपले साधारण २,७०० रुपये. पैसे मोजताना ते म्हणाले, या अक्षराचा अर्थ ८० पण होतो. पूर्वी त्यांच्याकडे आकडे अक्षरांनीच लिहायचे, आणि हे सतरावं अक्षर म्हणजे ८०.

आईला परवाच्या भाद्रपदात ऐंशी पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शनाला तिला काय द्यावं यावरून आम्हा बहिणींत दोन महिने खल चालला होता. मी म्हटलं, असलंच अजून एक आहे का? नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर कापायला घेतलं. सव्वा तास लागला. तेवढ्यात लेसवाल्या आजींनी कॉफी पाठवली, गाळ तळाशी, साखर भरपूर.

जाईनं तिची चकती त्याच दिवशी गळ्यात अडकवली. आईनं मात्र डबी उघडली, चष्मा वर केला, ते अक्षर लांब धरून बघितलं. आपल्या २ च्या आकड्याला खाली गाठ मारल्यासारखं दिसतं ते.

"दोन?" ती म्हणाली. "माझं वय तर बरोबर सांगायचं होतंस त्यांना."