नाद असावा तर कोपेनिकवाल्यांसारखा

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉलच्या नादाबद्दल बाहेरच्या कुणी काही शिकवू नये असं माझं आधीपासूनचं मत. आमच्याकडे तालीम म्हणजेच क्लब. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, कुठल्या पेठेत जन्मलास त्यावरून तुझी टीम ठरलेली, आणि मॅच हरली की कट्ट्यावर कुणी कुणाशी धड बोलत नाही. त्यामुळे बर्लिनला नोकरी लागल्यावर ऑफिसातले लोक 'युनियन बघायला चल' म्हणायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, बघू या, जर्मन माणूस ओरडून ओरडून किती ओरडणार.

ओरडतात भरपूर, तो मुद्दा नाही. मुद्दा असा की या क्लबच्या फॅन लोकांनी ओरडण्यापलीकडे जे करून ठेवलंय ते मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तर क्लबचं नाव एफसी युनियन बर्लिन. शहराच्या पार पूर्वेला कोपेनिक भागात, स्टेशनवरून उतरून झाडीतून चालत गेलं की स्टेडियम लागतं, 'आल्टे फ्योर्स्टेराय', म्हणजे जुनी फॉरेस्टवाल्यांची कचेरी. मूळ क्लब 1906 चा, ओबरश्योनेवायडेच्या कारखान्यांच्या वस्तीतला. निळे कपडे घालून खेळणारी कामगारांची पोरं, म्हणून लोक त्यांना फिटरची पोरं म्हणायचे, आणि आजही स्टेडियममध्ये 'आयझर्न युनियन' अशी आरोळी उठते, लोखंडी युनियन. मधे नावं बदलली, युद्ध झालं, देशाचे दोन तुकडे झाले, आणि आत्ताचा क्लब या नावानं 20 जानेवारी 1966 ला पूर्व जर्मनीत सुरू झाला.

पूर्व बर्लिनमधला दुसरा क्लब होता बीएफसी डायनॅमो. त्याच्या पाठीशी कोण, तर एरिख मिल्के, श्टाझी या गुप्त पोलिसांचा प्रमुख. डायनॅमोनं 1979 ते 1988 सलग दहा वेळा लीग जिंकली आणि रेफरी कुणाच्या बाजूनं शिट्टी मारतात हे सगळ्यांना दिसत होतं. युनियन मात्र कधी वरच्या लीगमध्ये तर कधी खाली, अगदी लिफ्टसारखी. तरी गर्दी युनियनला. विरोधी टीमनं फ्री किकला प्लेअरांची भिंत उभी केली की स्टँडमधून आवाज यायचा, 'ही भिंत हटलीच पाहिजे', आणि कुठली भिंत ते सांगायची गरज नव्हती. तिथं एक वाक्य फिरायचं की युनियनचा प्रत्येक फॅन काही सरकारचा शत्रू नव्हता, पण सरकारचा प्रत्येक शत्रू युनियनचा फॅन होता. भारी आहे वाक्य, पण मला वाटतं यात नंतर थोडा मसाला पडलाय, कारण 1966 चा क्लबसुद्धा सरकारी कामगार संघटनेच्या आशीर्वादानंच निघाला होता. बंडखोर वगैरे ठीक, पण बरेच जण शनिवारी दोन बिअर मारून मनसोक्त शिव्या द्यायलाच जात असणार, आणि त्या काळात तेवढं करायला मिळणंसुद्धा कमी नव्हतं म्हणा.

नशीब तर असलं फुटकं की विचारू नका. 1968 ला कार्ल झाइस येनाला 2-1 हरवून पूर्व जर्मनीचा कप जिंकला, म्हणजे आता युरोपात खेळायला मिळणार, आणि त्याच ऑगस्टमध्ये रशियाचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, कुणाची मॅच कुणाशी हा ड्रॉ बदलला, पूर्वेकडच्या देशांनी टीमा मागं घेतल्या आणि युनियनचं युरोप तिथंच संपलं. बर्लिनची भिंत पडल्यावर जानेवारी 1990 मध्ये पश्चिमेच्या हेर्था बर्लिनबरोबर फ्रेंडली झाली ऑलिम्पिक स्टेडियममध्ये, 50 हजारांवर लोक आले, दोन्हीकडचे फॅन मिठ्या मारत होते. पण नंतर पैशाचे वांदे सुरू. 1993 ला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जायची संधी होती तर बँक गॅरंटीचा कागद खोटा निघाला, तिथं खेळायचं लायसन गेलं. पुढच्या वर्षी परत लायसन नाही.

2001 ला मात्र कमाल केली. तिसऱ्या डिव्हिजनमधली टीम थेट जर्मन कपच्या फायनलला! शाल्केकडून 2-0 हरले, पण शाल्के आधीच चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, असल्यामुळे त्याखालच्या युएफा कपची जागा यांना मिळाली. आणि मग तीन वर्षांत परत खाली.

आता 2004 ची गोष्ट ऐका. क्लबला लायसनसाठी जवळपास 15 लाख युरो दाखवायचे होते आणि खिसा रिकामा. जर्मनीत रक्त दिलं की काही ठिकाणी थोडे पैसे मिळतात. तर यांनी मोहीमच काढली, 'युनियनसाठी रक्त', लोकांनी रांगा लावून रक्त दिलं आणि मिळालेले पैसे क्लबला दिले. सोबत टी-शर्ट विकले, देणग्या गोळा केल्या. लायसन वाचलं. आपल्याकडं मंडळासाठी वर्गणी मागत दारोदार फिरलोय आम्ही, पावती पुस्तक घेऊन, त्यामुळे क्लबसाठी पैसे गोळा करणं मला नवीन नाही, पण स्वतःचं रक्त म्हणजे राव... पुढच्याच सीझनला टीम अजून एक पायरी खाली, चौथ्या डिव्हिजनला गेली ती गोष्ट वेगळी. तिथं जुना शत्रू डायनॅमो भेटला आणि ऑगस्ट 2005 मध्ये त्याला 8-0 नं धुतला. आठ! कोपेनिकच्या पबात हा स्कोअर अजूनही कुणीतरी काढतंच.

पण खरी गोष्ट स्टेडियमची. जुनं स्टेडियम पार मोडकळीला आलं होतं, उभं राहायच्या पायऱ्या झिजलेल्या, दुरुस्ती केल्याशिवाय परवानगी नाही. शहराकडून पैशाचं काही जमेना. मग 2008 च्या उन्हाळ्यात फॅन लोकच कामाला लागले. दोन हजारांवर माणसं, एकूण 1 लाख 40 हजार तासांच्या आसपास काम, सगळं फुकट. कुणी सुट्टी टाकून आलं, कुणाला नोकरी नव्हती ते रोज आले, ज्याला वेल्डिंग येतं त्यानं वेल्डिंग केलं, ज्याला काही येत नाही त्यानं सिमेंट ओतलं नाहीतर चहा-कॉफी दिली. तेवढा सीझन टीम खेळली कुठं, तर यान स्पोर्टपार्कमध्ये, म्हणजे जिथं एकेकाळी डायनॅमो खेळायची तिथं! आणि त्याच सीझनला तिसरी लीग जिंकली. जुलै 2009 मध्ये हेर्थाबरोबर मॅच खेळून नवीन स्टेडियम उघडलं, 5-3 नं हरले, कुणाला काही फरक पडला नाही. बाहेर एक स्मारक आहे, वर लाल हेल्मेट आणि खाली काम केलेल्यांची नावं. माझ्याबरोबर आलेल्या एका काकांनी त्यातलं स्वतःचं नाव बोट ठेवून दाखवलं आणि लगेच बिअरच्या लाईनीत गेले, फोटोबिटो काही नाही.

नंतर त्याच स्टेडियमचे शेअर्स मेंबर लोकांना विकले, 500 युरोला एक. स्पॉन्सरचं नाव स्टेडियमला आजही नाही.

स्टेडियममध्ये जमून ख्रिसमसची गाणी म्हणायचं पण यांच्यामुळंच सुरू झालं. 2003 च्या डिसेंबरमध्ये टीम इतकी वाईट खेळत होती की शेवटच्या मॅचनंतर लोक एकमेकांना शुभेच्छासुद्धा न देता घरी गेले, म्हणून 89 जण 23 तारखेला गुपचूप स्टेडियममध्ये शिरले आणि मेणबत्त्या लावून गाणी म्हटली. आता त्याच कार्यक्रमाला 28 हजार लोक येतात, तिकीट काढून. 2014 च्या वर्ल्ड कपला तर लोकांनी घरचे सोफे आणून मैदानावर मांडले, साडेसातशेच्या वर सोफे, आणि मोठ्या स्क्रीनवर मॅच बघितल्या.

मॅचला गेलात तर तीन गोष्टी लक्षात ठेवा: शेवटची शिट्टी होईपर्यंत जागा सोडायची नाही, आपल्याच प्लेअरला हुर्यो करायची नाही, आणि हरल्यावर एकाच्या डोक्यावर खापर फोडायचं नाही. टीमची नावं पुकारताना प्रत्येक नावामागं सगळे 'फुसबॉलगॉट' ओरडतात, फुटबॉलचा देव. रिझर्व्ह गोलकीपर पण देव. शेवटचा नियम आमच्या पेठेत कुणी पाळेल असं मला वाटत नाही, पेनल्टी घालवणाऱ्याला आम्ही पुढच्या दसऱ्यापर्यंत सोडत नाही.

2019 ला श्टुटगार्टबरोबर दोन मॅचमध्ये 2-2 आणि 0-0 करून बाहेरच्या गोलांवर, म्हणजे परक्या मैदानावर जास्त गोल मारले म्हणून, पहिल्यांदा बुंडेसलीगात, जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये गेले. पहिली मॅच लायपझिगबरोबर, 4-0 नं हरले. पण त्या दिवशी स्टँडमध्ये लोकांनी वारलेल्या माणसांचे मोठे फोटो धरले होते, कुणाचा बाप, कुणाची आजी, कुणाचा मित्र, जे आयुष्यभर युनियन बघत राहिले आणि हा दिवस न बघता गेले. 'अखेर आपण पण आलो' असं त्या सगळ्याचं नाव. मी तो व्हिडिओ ऑफिसात बघायची चूक करत नाही.

मग 2023 ला चौथा नंबर आणि थेट चॅम्पियन्स लीग. माद्रिदला रेयालविरुद्ध 94 व्या मिनिटापर्यंत 0-0 धरून ठेवलं आणि त्यांच्या बेलिंगहॅमनं गोल मारून घात केला. घरच्या मॅच ऑलिम्पिक स्टेडियममध्ये ठेवल्या, जास्त लोकांना बघता याव्यात म्हणून, आणि ब्रागाविरुद्ध 2-0 पुढं असताना शेवटच्या क्षणी 3-2 नं हरले. ऑलिम्पिकला जाणं हिशोबानं बरोबर होतं, तिथं तिप्पट लोक बसतात, पण मला अजूनही वाटतं की एवढं हातानं बांधलेलं स्टेडियम असताना तिथं जायला नको होतं. काकांचं मत उलट, म्हणतात ज्यांना कधी तिकीट मिळत नाही त्यांनी रेयाल बघू नये का. यावर आमचं अजून भांडण चालू आहे. त्याच सीझनला लीगमध्ये इतके घसरले की कोच उर्स फिशर गेला, आणि 2024 च्या मे महिन्यात फ्रायबुर्गविरुद्ध शेवटच्या मॅचला, इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी हुकली, परत आलेल्या बॉलवर युनियनच्या हाबेररनं गोल मारला, तेव्हा कुठं बुंडेसलीगात राहिले.

आत्ता स्टेडियममध्ये 22,012 माणसं मावतात, त्यातल्या खुर्च्या फक्त 3,617, बाकी सगळे उभे. ते वाढवून बरंच मोठं करायचा प्लॅन आहे आणि तेव्हाही बहुतेक जागा उभं राहायच्याच ठेवणार म्हणतात. यावेळी काम कंत्राटदार करणार, म्हणून काका आत्तापासून कुरकुरतायत की कुणीतरी आपल्यातलं साईटवर जाऊन लक्ष ठेवायला पाहिजे.