आधी आपण जायचं

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत आठवीला शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. दोन चौक पलीकडे उर्दू माध्यमाची मुलींची शाळा आहे, पण आमच्यातल्या एकीनंही तिच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. तिथल्या एका आपांशी, म्हणजे शिक्षिकेशी, प्रशिक्षणात ओळख झाली आणि आम्ही ठरवलं : एका शनिवारी त्यांच्या मुली आमच्याकडे, पुढच्या शनिवारी आमच्या तिकडे. जोड्या लावायच्या, एका बाकावर बसवायचं, डबा एकत्र.

मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीनं लगेच होकार दिला. अडलं ते पालकांच्या संमतीपत्रावर. त्यांच्या मुली इकडे यायला कुणाचीच हरकत नव्हती, पण आपल्या मुली पाठवायच्या म्हटल्यावर 24 पैकी 9 सह्या आल्या. हे मला फार लागलं.

मग संध्याकाळी घरोघर हिंडले. एका घरी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. एकोप्यावर काय बोलायचं ते मी मनाशी घोकून गेले होते. तिनं हात न थांबवता एवढंच विचारलं, "परत आणून कोण सोडणार?" मी म्हटलं, मी स्वतः. मग जोडीतली मुलगी कुणाची, हे तिनं विचारलं. नाव ऐकल्यावर मात्र हात थांबला. "ती होय! कारखान्यात माल द्यायला रोज रांगेत माझ्या मागं असती की वो बाई." सही झाली. दुसऱ्या दिवशी रांगेतल्या बायकांशी तीच बोलली आणि आकडा 18 वर गेला. सहा मुली शेवटपर्यंत आल्या नाहीत, ते अजून सलतं.

पहिल्या भेटीत एक गोष्ट ध्यानात आली. त्यांच्या मुलींना मराठी विषय असतो, त्यामुळे त्या आमचे फळे, तक्ते भराभरा वाचत होत्या. आमच्यातल्या एकीलाही उर्दूचं अक्षर येत नव्हतं. म्हणून आम्ही तिकडे गेलो तेव्हा आपांनी आमच्या मुलींना आपापलं नाव उर्दूत लिहायला बसवलं. एकीनं सवयीनं डावीकडून सुरुवात केली. तिच्या जोडीदारणीनं वही शेवटच्या पानाकडून उघडून समोर ठेवली आणि बोट उजवीकडे टेकवलं. त्या तासाला वर्गात कमालीची शांतता होती.

जानेवारीत दोन्ही शाळांच्या मुलींना चार हुतात्मा चौकात नेलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. स्वातंत्र्यलढ्यातल्या या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. माझ्या काही मुली रोज त्या चौकातून जातात, तरी चारही नावं सलग कुणाला सांगता आली नाहीत. जोडीजोडीनं ती त्यांनी दोन्ही लिप्यांत लिहून काढली.

यंदा पहिली फेरी आमच्या मुलींची आहे. संमतीपत्रात परतीची वेळ आणि सोबत येणाऱ्या बाईंचं नाव सगळ्यात वर लिहिलंय.