मिस्त्रींना पैसे कसे द्यायचे, आमच्यात ठरलं ते

घराचं काम काढलं की सगळे रेट विचारतात, पण पैसे कधी आणि कशावर द्यायचे हे आधी कुणी बोलतच नाही, आणि भांडणं सगळी तिथंच होतात. आम्ही सांगलीत गावभागात राहतो, २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यात पाणी होतं, तेव्हापासून भिंतींचे पोपडे सुटतायत, म्हणून आता खालचा गिलावा पाडून नवीन करायचा आणि वरचं बाथरूमपण करून घ्यायचं.

एका कॉन्ट्रॅक्टरनी निम्मे पैसे आधीच मागितले, मटेरियल भरायला म्हणून. अण्णा (माझे सासरे) म्हणाले ओळखीतला माणूस आहे, देऊन टाकू. मला नाही पटलं. आपले पैसे दुसऱ्याच साइटवर लागतात आणि आपलं काम अडकून पडतं हे गल्लीतच बघितलंय. म्हणून दुसरे मिस्त्री बघितले, सिमेंट, वाळू, टाइल्स आम्ही आणायच्या, त्यांच्याकडं फक्त मजुरी, म्हणजे मोठ्या ॲडव्हान्सचा विषयच संपला.

पण गवंडी आणि बिगाऱ्यांचा पगार बाजाराच्या दिवशी होतो हे आपण समजून घ्यायला पाहिजे. मिस्त्री दारात येऊन "वहिनी, पोरांचा पगार करायचाय" म्हणतात तेव्हा ती खरी गरज असते, "काम झाल्यावर बघू" म्हटलं की पोरं दुसऱ्या कामावर जातात, आणि त्यांचं काय चुकलं त्यात? म्हणून दर आठवड्याला उचल द्यायची, फक्त ती झालेल्या कामापेक्षा कमीच ठेवायची, आणि टप्पा संपला की माप घेऊन उचल वजा करून बाकी भागवायची.

माप म्हणजे गिलाव्याचा रेट ब्रासवर असतो, १०० चौरस फूट म्हणजे १ ब्रास, तर १२ बाय १० ची भिंत झाली १.२ ब्रास. दारं-खिडक्या वजा करायच्या का, त्यांच्या कडा वेगळ्या धरायच्या का, हे आधीच वहीत लिहून घेतलं. टेपचं एक टोक त्यांनी धरायचं, एक मी, आकडा लिहायचा आणि खाली दोघांची सही.

बाथरूमचे पैसे मात्र टाइल्स चकाचक दिसल्या म्हणून द्यायचे नाहीत! वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्सच्या आधी पाणी तुंबवायचं, भिंतीवर पेन्सिलनं पातळीची खूण करायची, ४८ तास ठेवायचं आणि खालून स्लॅबला ओल दिसत नाही ना ते बघायचं. मगच तो टप्पा.

उचल रोख, टप्प्याचं बिल यूपीआयनं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, घेणाऱ्यालाच दंड होतो.

शेवटचे १० टक्के मी दिवाळीपर्यंत ठेवणार होते. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, एवढं कोण थांबतंय, ५ टक्के ठेवा, गणपतीपर्यंत." तोवर जोराचा पाऊस होऊन गेलेला असतो, भिंत कळतेच, म्हणून हो म्हटलं आणि तेही वहीत लिहिलं. सोमवारपासून गिलावा पाडायला घेतायत.