साऱ्या शाळेने एकच पुस्तक वाचले तेव्हा

मी शाळेच्या ग्रंथालयाचे काम पाहते. गेली तीन वर्षे आमच्या शाळेत वर्षातून एकदा, सहा आठवडे, पहिलीच्या मुलांपासून कार्यालयातील लिपिकांपर्यंत सर्वजण एकच पुस्तक वाचतात, आणि त्या वाचनातून काही सेवाकार्य उभे राहावे असा प्रयत्न असतो. या उपक्रमाने मला पुष्कळ दिले आहे, आणि पहिल्या वर्षी माझ्या हातून झालेली एक चूक मी अजून विसरलेले नाही.

ही कल्पना आमची नाही. 1998 मध्ये सिएटल येथील सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंनी, सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचले तर काय होईल, असा प्रश्न विचारून तसा कार्यक्रम सुरू केला. 2001 मध्ये शिकागो शहराने तो आपलासा केला आणि पुढे अनेक गावांनी व शाळांनी. शाळेत मात्र एक अडचण असते जी शहराला नसते: सहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या वाचकाला एकच पुस्तक कसे पुरणार? पहिल्या वर्षी आम्ही मोठ्यांचे पुस्तक लहानांना सोपे करून सांगितले आणि ते फिके पडले.

त्या वर्षीची दुसरी चूक याहून गंभीर होती. वाचन संपताच आम्ही जुने कपडे गोळा केले, एका वस्तीत जाऊन वाटले आणि छायाचित्रे फलकावर लावली. दुसऱ्या दिवशी सातवीतील एक मुलगी ग्रंथालयात आली आणि फलकाकडे पाठ करून बसली. ती त्याच वस्तीत राहत होती. छायाचित्रात तिची आत्या होती, हातात आमच्याच शाळेच्या कुणाचा तरी स्वेटर घेऊन उभी. आपण ज्यांच्यासाठी काही करतो ती माणसे कुठेतरी लांब असतात, असे मी न तपासता गृहीत धरले होते. फलक मी त्याच दुपारी उतरवला, आणि पुढच्या वर्षाचा विचार तिथूनच सुरू झाला.

दुसऱ्या वर्षी आम्ही लिंडा स्यू पार्क यांचे ‘अ लाँग वॉक टू वॉटर’ निवडले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या कादंबरीत दोन गोष्टी शेजारी शेजारी चालतात. 1985 मध्ये सुदानच्या यादवी युद्धामुळे घरापासून तुटलेला अकरा वर्षांचा साल्वा चालत इथिओपियाला आणि तिथून केनियाला पोहोचतो. आणि 2008 मध्ये त्याच सुदानच्या दक्षिण भागातील न्या नावाची मुलगी पाण्यासाठी रोज दोनदा लांबच्या तळ्यावर जाते. साल्वा हा डिंका समाजाचा, न्या नुएर समाजाची, आणि या दोन समाजांतील वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. अठरा प्रकरणे असल्यामुळे आठवड्याला तीन असा हिशेब नीट बसला. पुस्तकात माणसे मरतात, तेव्हा लहान वर्गांसाठी याच लेखिकेने 2019 मध्ये न्यावर लिहिलेले चित्रपुस्तक घेतले, आणि नववीची मुले रोज वीस मिनिटे ते त्यांना वाचून दाखवू लागली. नियम दोनच होते. कुणीही पुढची प्रकरणे आधी वाचून सांगायची नाहीत, आणि यावर कोणतीही परीक्षा होणार नाही. दुसरा नियम काही शिक्षकांना पटला नाही; परंतु मी त्यावर अडून राहिले, कारण गुणांसाठी वाचणारे मूल आधी उत्तर शोधते आणि माणूस नंतर.

सर्वांनी म्हणजे खरोखरच सर्वांनी, हे मला आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी शिकवले. तास संपल्याची घंटा द्यायला ते त्या आठवड्यांत दोन-तीन मिनिटे उशिरा येत, कारण व्हरांड्यात उभे राहून पाचवीचे वाचन ऐकत. मी त्यांना एक प्रत दिली तेव्हा ते म्हणाले, “बाई, इंग्रजी मला वाचता येत नाही, पण मुलं अर्थ सांगतात तो मी ऐकतो. त्या पोराची आई सापडते का, एवढं सांगू नका.” त्यानंतर मुले मधल्या सुट्टीत त्यांना कालचा भाग सांगू लागली, आणि सांगताना आपण काय नीट वाचले नाही हे त्यांचे त्यांनाच कळू लागले.

मला सर्वांत जास्त भीती दयेची होती. पहिल्या आठवड्यात वह्यांमध्ये न्याविषयी ‘बिचारी’ हा शब्द इतक्या वेळा आला की भूगोलाच्या बाईंनी आपला एक तास नकाशाला दिला. श्वेत नाईल दक्षिण सुदानमधून वाहते आणि सुद्द हा जगातील अतिशय मोठ्या पाणथळ प्रदेशांपैकी एक प्रदेश त्याच देशात आहे, हे पाहिल्यावर वर्ग गोंधळला. इतके पाणी असताना न्याला चालावे का लागते? उत्तर पुस्तकातच होते. वर्षातील पाच महिने न्याचे कुटुंब मोठ्या तलावाकाठी राहते, परंतु तिथे कायम राहू शकत नाही, कारण त्या पाण्यावरून दोन्ही समाजांत मारामाऱ्या होतात. पाणी असणे वेगळे आणि ते निर्धोकपणे मिळणे वेगळे, ही गोष्ट नकाशा आणि कादंबरी एकत्र ठेवल्याशिवाय मुलांना दिसली नसती. त्या तासानंतर ‘बिचारी’ कमी झाले आणि प्रश्न वाढले: गुरे राखणाऱ्या समाजात गाईला इतके महत्त्व का, कपाळावरच्या व्रणांवरून समाज कसा ओळखतात, 9 जुलै 2011 रोजी दक्षिण सुदान हा देश स्वतंत्र झाल्यावर न्याच्या गावाचे काय झाले असेल.

रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी 1990 मध्ये मांडले होते की पुस्तक कधी खिडकी असते, जिच्यातून दुसऱ्यांचे जग दिसते, आणि कधी आरसा, ज्यात आपलेच जगणे दिसते. मी हे पुस्तक खिडकी म्हणून निवडले होते. चौथ्या आठवड्यात कळले की एका मुलासाठी तो आरसा होता. आई-वडिलांच्या कामामुळे दुसऱ्या प्रदेशातून आलेला, घरी वेगळी भाषा बोलणारा हा सहावीतील मुलगा वर्गात जवळपास गप्पच असे. निर्वासितांच्या छावणीत मायकल नावाचा मदतकार्यकर्ता साल्वाला इंग्रजी शिकवतो, तो भाग वाचून झाल्यावर तो उठला आणि म्हणाला, “मला पहिलं वर्षभर काहीच समजत नव्हतं. कुणी विचारलं नाही.” वर्गशिक्षिका त्या दिवशी पुढे वाचू शकल्या नाहीत.

मुलांना अर्थातच लगेच निधी गोळा करायचा होता. ज्यांच्या खऱ्या आयुष्यावर कादंबरीतील साल्वाची गोष्ट बेतली आहे, त्या साल्वा डट यांनी 2003 मध्ये स्थापन केलेली संस्था दक्षिण सुदानमध्ये विहिरी खोदते आणि जगभरातील शाळा तिला मदत करतात, हे त्यांनी शोधून काढले होते. आम्ही त्यांना शेवटचे प्रकरण होईपर्यंत थांबायला सांगितले. त्या प्रकरणात न्याला कळते की आपल्या गावात विहीर खोदणाऱ्यांचा प्रमुख डिंका आहे, आणि तो आपले नाव साल्वा असे सांगतो. ते वाचल्यावर आठवीच्या वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही. नंतर निधी गोळा झालाच, मुलांनी हिशेब ठेवून तो पाठवला. परंतु त्यांनी स्वतःहून सुचवलेले काम वेगळे होते: शाळेत जी मुले नव्याने येतात आणि ज्यांना शिकवण्याची भाषा येत नाही, त्यांच्याबरोबर आठवड्यातून एक तास जोडीने वाचायचे. अट एकच, आणि ती त्या सहावीतील मुलाने घातली. तासाचा अर्धा भाग नव्या मुलाने आपल्या भाषेतील शब्द जोडीदाराला शिकवायचे.

तो तास आजही चालू आहे. त्याची छायाचित्रे आम्ही काढत नाही. काही जोड्या टिकल्या, काही मोडल्या; परीक्षेच्या दिवसांत मोठी मुले येईनाशी होतात आणि लहान मुले ग्रंथालयाच्या दारात वाट पाहत उभी असतात, यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. त्या दिवसांत त्यांच्याबरोबर मी बसते, कधी शिपाईमामा बसतात. यंदाच्या पुस्तकाची निवड करणाऱ्या समितीत सातवीतली ती मुलगी आहे, जी आता नववीत आहे. यादीतल्या प्रत्येक पुस्तकाविषयी तिचा पहिला प्रश्न असतो, “यातली माणसं आपल्या शाळेत कोण कोण आहेत?” पुढच्या सोमवारी समितीची तिसरी बैठक आहे, आणि यादीतील चार पुस्तके तिने आतापर्यंत परत पाठवली आहेत.