चिडका बुटका

परवा सोसायटीच्या गेटवर एक काका पार्किंगवरून वॉचमनवर तडकले होते. कपाळाची शीर फुगलेली, बोट त्याच्या नाकापर्यंत गेलेलं. तेवढ्यात चेअरमनची गाडी आत आली. ते बोट हवेतच वळलं, त्याचा नमस्कार झाला आणि आवाजात साखर उतरली. मला फस्सकन हसू फुटलं. काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आता त्यांना काय सांगणार, की मला लुई द फ्यूनेस आठवला होता!

फ्रेंचचा गंध नसला तरी या नटासाठी सबटायटल्स वाचावी लागत नाहीत. बुटका, टकला, सदा करवादलेला. वरच्यापुढे कमरेत वाकायचं आणि खालच्यावर डाफरायचं, बस. पण वाकणं आणि डाफरणं यांच्या मधे तो चेहरा जो काही कोलांट्या मारतो, तेवढंच बघायला मी त्याचे सिनेमे लावतो.

हा राग म्हणे आईचा. घराणं स्पॅनिश. आई भडकली की स्पॅनिश हेलाच्या फ्रेंचमध्ये ओरडत पोरामागे धावायची. पोरगं पळता पळता नक्कल पाठ करत असणार. पुढे पॅरिसात पिगालच्या बारमध्ये रात्र-रात्र पियानो बडवून त्याने पोट भरलं. त्याच्या आरडाओरड्याला ताल आहे, तो मला वाटतं तिथलाच. सिनेमातलं पहिलं काम दारवानाचं. मग शंभराहून जास्त फुटकळ भूमिका. १९६४ मध्ये सेंट ट्रॉपेचा पोलीस होऊन तो घराघरात पोचला, तेव्हा वय वर्षं पन्नास! दोनच वर्षांनी आलेल्या ‘ला ग्रांद व्हादरुई’ या सिनेमाची एकट्या फ्रान्समध्ये पावणेदोन कोटींच्या आसपास तिकिटं खपली.

‘ऑस्कर’ नावाच्या नाटकात (त्या बाहुलीशी संबंध नाही) तो लुबाडला गेलेला उद्योगपती होता. संतापाच्या भरात स्वतःचं नाक धरून ओढतो आणि ते लांबतच जातं. म्हणजे असतात नुसते हात. नाक आपणच बघत बसतो. शेकडो प्रयोग केले त्याने या नाटकाचे, नंतर १९६७ मध्ये सिनेमाही. रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला इतकं चिडायचं, म्हणजे थट्टा नव्हे. १९७५ मध्ये हृदयाने हिसका दाखवलाच. पुढच्या सिनेमाच्या वेळी सेटवर डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स तयार ठेवावी लागली होती. कॅमेऱ्यासमोर खोटं चिडायलासुद्धा!

एरवी माणूस अबोल, लाजाळू. नांत शहराजवळ ल सेलिए गावात मोठी हवेली होती, पण जीव सगळा बागेत. भाजीपाला आणि गुलाब, तेही रासायनिक फवारे न मारता. १९८३ च्या जानेवारीत तो गेला. त्यानंतर एका गुलाबाला त्याचं नाव मिळालं. मी फोटो पाहिलाय. भडक नारिंगी आहे. काटे किती, ते फोटोत कळत नाही.